देवघेव विभागापासून सुरुवात कर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या ग्रंथालयातल्या हवामान सप्ताहाचा आराखडा नीट वाचला. व्याख्यानं आहेत, भित्तिपत्रकं आहेत, पर्यावरणावरच्या पुस्तकांचं प्रदर्शन आहे. वाचक घरी नेऊन वापरेल असं मात्र त्यात काहीच नाही. माझं ऐकशील तर यातलं निम्मं खोड आणि देवघेव विभागापासून, म्हणजे वाचकांना पुस्तकं घरी देतो तिथून, सुरुवात कर. एकच वस्तू अनेकांनी जपून वापरायची आणि वेळेवर परत करायची, ही सवय ग्रंथालयाने लोकांना केव्हाच लावली आहे. हवामानासाठी आपल्याकडची सर्वांत मोठी ताकद तीच, असं मला मनापासून वाटतं.

पहिली खरेदी वीज मोजणाऱ्या छोट्या मीटरची कर. सॉकेटमध्ये मीटर, मीटरमध्ये उपकरणाचा प्लग, इतकं सोपं. एका घराला ते आठवडाभर पुरतं, मग नुसतं पडून राहतं, म्हणूनच ते ग्रंथालयात हवं. बंद वाटणारं एखादं उपकरण सतत १० वॅट ओढत असेल, तर वर्षाला जवळजवळ ८८ युनिट जातात. व्याख्यानात हा आकडा ऐकून लोक मान डोलावतात. आपल्याच घरात दिसला की उठून बटण बंद करतात. मीटरसोबत एक कोरा तक्ता दे आणि परतीच्या वेळी तो नावाविना भरून माग. दोनचार महिन्यांत तुझ्याकडे वस्तीतल्या वीजवापराची अशी माहिती जमेल, जी कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

मग अवजारं. अमेरिकेतल्या बर्कलीचं सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून अवजारं उसनी देतं. हेलसिंकीच्या ऊडी ग्रंथालयात शिवणयंत्रं आहेत, म्हणजे फाटलेला कपडा तिथेच नीट करता येतो. दाखल नोंदवहीत ड्रिल मशीनची नोंद बघून कोणी हसलं तर हसू दे. मात्र प्रत्येक वस्तू परत येताच तपासायची आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी तरतूद ठेवायची, यात ढिलाई नको. मोडकं अवजार एकदा हाती पडलं की वाचक पुन्हा मागत नाही.

बियाण्यांचा कप्पा, म्हणजे बी न्यायचं आणि पिकातलं बी परत आणून द्यायचं, तो जरा सावकाश उघड. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढचं पीक तसंच येत नाही. भोपळावर्गात परागीकरणाने वाण सहज मिसळतात. त्यामुळे आधी वाटाणा, घेवडा अशा स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणाऱ्या, पिकांचे सरळ (संकरित नसलेले) वाण घे. पाकिटावर वाणाचं नाव आणि वर्ष हवंच.

इमारतीचंही बघ. तैपेईच्या बेईतोऊ ग्रंथालयाच्या छपरावर सौरपट्ट्या आहेत, पावसाचं पाणीही साठवून वापरतात. तेवढा निधी आपल्याला लगेच मिळणार नाही. पण उष्णतेच्या लाटेत दुपारी दार उघडं ठेवणं, पंखा, पिण्याचं पाणी आणि बसायला जागा देणं आजही जमेल. सभासद नसलेल्यांनाही आत घे, आणि त्यांना 'काय वाचायचंय?' असं विचारू नकोस. घरात पत्रा तापलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या वेळी सावलीच हवी असते.

कार्यकारी मंडळापुढे जाशील तेव्हा लांबलचक टिपण नेऊ नकोस. मीटर किती जणांनी नेलं आणि किती जण रांगेत आहेत, एवढंच एका कागदावर लिही. दुसऱ्या मीटरची मागणी त्याच कागदावर खाली कर.

तुझा,
एक जुना ग्रंथपाल