नाशिकहून व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो, पीसी साधाच आहे. सर्वात चांगली सेटिंग कोणती?

सेन्सिटिव्हिटीच्या (माउस हलवला की नेम किती सरकतो त्याच्या) आधी विंडोजची डिस्प्ले सेटिंग उघड आणि रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते, ते बघ. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो ६० वरच चालवणारे कॉलेज रोडला पायलीचे पन्नास मिळतील. माउसचं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ही बंद कर, त्याने हाताच्या वेगाप्रमाणे पॉइंटरचा वेग बदलतो.

गेममध्ये ग्राफिक्स सगळं लो, व्ही-सिंक (गेमची चित्रं मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर रिफ्लेक्स (क्लिक आणि स्क्रीनमधला उशीर कमी करणारी सेटिंग) चालू. दिसायला भिकार दिसेल, पण आपण काय फोटो काढायला बसलोय का?

माउसचा डीपीआय (एक इंच सरकवल्यावर तो किती टप्पे मोजतो तो आकडा) ८०० असेल तर सेन्सिटिव्हिटी ०.३५ पासून सुरू कर. गेममधल्या सरावाच्या रेंजमध्ये उभा राहा, माउस साधारण वीतभर सरकव. बरोबर पाठीमागे वळायला हवास. गोळ्या लक्ष्याच्या पुढे जात असतील तर थोडी कमी, मागे राहत असतील तर थोडी जास्त. मग मात्र आठवडाभर हात लावू नकोस. हरलं की आकडा बदलणाऱ्याचा नेम कधी बसत नाही.

सर्व्हर मुंबईच ठेव, नाशिकहून तोच जवळचा. गेमच्या स्टॅट्समध्ये पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या डेटाचा आकडा, दिसू दे. तो सारखा उड्या मारत असेल तर वायफाय सोड, राउटरपासून सरळ लॅन केबल ओढ.