लव्हाळा ओळखायचा तर मुळासकट काढा

भातखाचरातल्या लव्हाळ्याचा नुसता तुऱ्याचा फोटो पुरत नाही. आधी दांडा बोटांत फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर सायपेरस, म्हणजे लव्हाळ्यांचा एक वंश, असण्याची शक्यता दाट. मग रोप मुळासकट काढून चिखल नीट धुवा. सुवासिक गाठी निघाल्या तर नागरमोथा, म्हणजे सायपेरस रोटंडस. गाठी नाहीत, नुसती तांबूस तंतुमुळं आणि पिवळसर सुटा तुरा असेल तर बहुधा सायपेरस इरिया. तुऱ्यात गच्च गोल गेंद दिसले तर सायपेरस डिफॉर्मिस. दांड्याला पातंच नाही, टोकाला एकच कणीस? मग सायपेरस सोडा, एलिओकॅरिस या दुसऱ्या वंशाकडे वळा.

माझा भरवसा मात्र पिकलेल्या फळावर. दहापट भिंगाखाली इरियाचं फळ तीनधारी, काळपट दिसतं. कोवळ्या रोपाला घाईने नाव देऊ नका, फळ धरेपर्यंत थांबा.