वाचकांचे प्रश्न : कडेने उजळणारे प्रकाशतंतू

प्रश्न : घरात वृद्ध आई-वडील असल्यामुळे जिन्याच्या पायऱ्यांलगत रात्रभर मंद उजेड राहावा, या हेतूने आम्ही कडेने उजळणारी प्लास्टिकची ऑप्टिकल फायबर बसवली. तिची लांबी 10 मीटर असून खालच्या टोकाला एलईडीची पेटी आहे. पेटीजवळ भरपूर उजेड पडतो, परंतु वरच्या पायऱ्यांवर तो अगदीच मिणमिणता होतो. फायबर सदोष आहे का? शिवाय ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश बाहेर पडत नाही, असे शाळेत शिकलो होतो. मग ही उजळते कशी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून फायबर सदोष वाटत नाही. आपले दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

अशा तंतूचा गाभा बहुधा ॲक्रिलिकचा असतो आणि त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याच्या क्षमतेचे माप, सुमारे 1.49 असतो. त्याभोवती फ्लोरिनयुक्त पॉलिमरचे पातळ आवरण असते, ज्याचा अपवर्तनांक सुमारे 1.40 असतो. गाभ्यातला किरण या आवरणावर, लंबाशी मोजलेल्या सुमारे 70 अंशांहून मोठ्या कोनात आदळला, तर त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि तो आतच राहतो. शाळेत शिकलेले ते हेच. कडेने उजळणाऱ्या तंतूतही हा नियम जसाच्या तसा लागू असतो, फक्त काही किरणांचा कोन वाटेत मुद्दाम बदलला जातो. त्यासाठी कुठे गाभ्यात प्रकाश विखुरणारे सूक्ष्म कण मिसळतात, कुठे पृष्ठभागावर बारीक खाचा पाडतात, तर कुठे अनेक बारीक तंतू एकमेकांभोवती पिळून पारदर्शक नळीत भरतात, म्हणजे वळणावळणावर थोडाथोडा प्रकाश निसटत राहतो. जिनिव्हा येथे 1841 मध्ये कोलादों या शास्त्रज्ञाने पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश नेऊन दाखवला, तेव्हाही धार जिथे विस्कटत होती तिथेच ती प्रेक्षकांना लखलखताना दिसली. धार शेवटपर्यंत काचेसारखी नितळ राहिली असती, तर बाजूला बसलेल्यांना विशेष काही दिसले नसते.

आता आपल्या जिन्याकडे येऊ. पहिल्या पायरीवर जो प्रकाश बाहेर पडला, तो दहाव्या पायरीसाठी शिल्लक राहत नाही. प्रत्येक मीटरला आत उरलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा बाहेर पडतो, त्यामुळे उजेड सरळ रेषेत कमी न होता चक्रवाढीच्या उलट रीतीने घटत जातो. त्यात ॲक्रिलिकचे स्वतःचे शोषणही असते. दूरसंचारासाठी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या उत्तम तंतूत प्रकाश निम्मा व्हायला सुमारे 15 किलोमीटर लागतात, तर न गळणाऱ्या साध्या ॲक्रिलिक तंतूत लाल प्रकाश सुमारे 20 मीटरमध्येच निम्मा होतो. मुद्दाम गळता ठेवलेल्या तंतूत हे अंतर त्याहूनही कमी भरते, हे ओघानेच आले.

समजा, आपल्या तंतूत दर 5 मीटरला उजेड निम्मा होतो. खालच्या टोकाला तो 100 धरला, तर मध्यावर 50 आणि वरच्या टोकाला 25 राहील. वरच्या टोकाला उत्तम आरसा लावल्यास परतणारा प्रकाश मिळून हे आकडे जास्तीत जास्त 106, 62 आणि 50 होतील. सुधारणा होईल, पण उणीव जाणवतच राहील. त्याऐवजी वरच्या टोकालाही तशीच दुसरी पेटी बसवली, तर दोन्ही टोकांना 125 आणि मध्यावर 100 उजेड मिळेल. एवढा फरक डोळ्यांना सहसा कळतही नाही. माझा आग्रह या दुसऱ्या उपायाचाच राहील, कारण एक पेटी रात्री अचानक बंद पडली, तरी आपल्या आई-वडिलांना जिन्यावर पूर्ण अंधाराला तोंड द्यावे लागणार नाही. हा उजेड पायऱ्यांच्या कडा दाखवण्यापुरताच असतो, तेव्हा जिन्यावरचा नेहमीचा दिवा काढू नये.

पेटी घेण्यापूर्वी सध्याची जोडणीही तपासावी, कारण कितीतरी प्रकाश तंतूत शिरण्याआधीच वाया जातो. वर दिलेल्या अपवर्तनांकांचा तंतू आपल्या अक्षापासून सुमारे 30 अंशांपर्यंतचेच किरण स्वीकारून पुढे नेतो. साधा एलईडी मात्र चोहोबाजूंना प्रकाश फेकतो आणि त्यातला जेमतेम चौथा हिस्सा या मर्यादेत बसतो. एलईडीचा उजळणारा भाग तंतूच्या व्यासापेक्षा बराच लहान असेल, तर मधल्या भिंगाने हा हिस्सा वाढवता येतो. तिरके शिरलेले किरण पहिल्या थोड्या अंतरातच बाहेर पडतात; पेटीलगत दिसणारा झगझगीत पट्टा बहुधा त्यांचाच असतो, म्हणून तेवढा भाग पट्टीखाली झाकलेला बरा. तंतूचे टोक कात्रीने कापलेले असेल, तर ते धारदार पात्याने काटकोनात कापून, आधी जाड्या आणि मग अगदी बारीक पॉलिश पेपरवर पाणी लावून गुळगुळीत करावे. या अर्ध्या तासाच्या कामाने पडणारा फरक पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

प्रश्न : अंगणातल्या कारंज्याच्या हौदात असा तंतू सोडला, तर विजेचा धक्का बसण्याची भीती असते का?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : तंतूतून वीज वाहत नाही, फक्त प्रकाश जातो, त्यामुळे तो पाण्यात राहिला तरी त्याच्यामुळे धक्का बसत नाही. पेटीत मात्र वीज असते. ती हौदापासून दूर, कोरड्या आणि पावसाचे पाणी न पोहोचणाऱ्या जागी ठेवावी. बाजारात अशाच दिसणाऱ्या लवचीक एलईडी पट्ट्याही मिळतात, ज्यांच्या संपूर्ण लांबीतून वीज वाहते. दुकानात दोन्हींची गल्लत होते, म्हणून खरेदी करताना तारा कुठून कुठे जातात, हे स्वतः पाहून घ्यावे.

प्रश्न : माझ्या नातवाला जन्मानंतर कावीळ झाली, तेव्हा रुग्णालयात त्याला निळ्या प्रकाशाने उजळणाऱ्या मऊ गादीवर ठेवले होते. त्या गादीला एका पेटीतून जाड नळी जोडलेली होती. तीही याच तंतूंची असते का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : होय, आपण अचूक ओळखले आहे. नळीतून शेकडो बारीक तंतू गादीपर्यंत येतात आणि अशा काही गाद्यांमध्ये ते कापडासारखे विणलेले असतात. विणीतल्या प्रत्येक लहान वळणावर थोडा प्रकाश निसटतो आणि बाळाच्या त्वचेवर पडतो. सुमारे 460 ते 490 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश रक्तातल्या बिलिरुबिनच्या, म्हणजे काविळीत साठणाऱ्या पिवळ्या द्रव्याच्या, रेणूची रचना बदलतो, आणि बदललेले रेणू पाण्यात अधिक सहज विरघळत असल्यामुळे शरीर त्यांना पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर टाकू शकते. दिवा दूर पेटीत असल्याने त्याची उष्णता बाळापर्यंत पोहोचत नाही आणि आईला गादीसकट बाळ जवळही घेता येते, ही मला या तंतूंची सर्वांत मोलाची बाजू वाटते. प्रकाशाची तीव्रता आणि उपचाराचा काळ मात्र रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. सजावटीच्या निळ्या फायबरने घरी असा प्रयोग कधीही करू नये.