वाचकांचे प्रश्न : उपोषण सुटलं ते कोणाच्या सहीने?

प्रश्न : उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांच्या 1981 च्या उपोषणावरचा 'हंगर' हा सिनेमा नुकताच पाहिला, दोन दिवस डोक्यातून जाईना. कोठडीच्या भिंतींना विष्ठा फासलेली दाखवलीय ते खरंच तसं होतं, की सिनेमावाल्यांनी वाढवून दाखवलंय? आणि नुसत्या कपड्यांवरून माणसं एवढ्या टोकाला जातात?

उत्तर : वाढवलेलं काही नाहीये. कपड्यांचं म्हणाल तर ते नुसते कपडे नव्हते. उत्तर आयर्लंडमधल्या रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून सुटून आयर्लंडमध्ये सामील व्हायचं म्हणणाऱ्या, कैद्यांना 1972 पासून वेगळा दर्जा होता, स्वतःचे कपडे, तुरुंगातल्या कामाची सक्ती नाही, एकमेकांत मिसळायची मोकळीक. 1 मार्च 1976 नंतरच्या गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सरकारने तो काढून घेतला, म्हणजे कालपर्यंत जो राजकीय कैदी धरला जायचा तो आजपासून चोर-दरोडेखोरांच्या रांगेत. त्याच सप्टेंबरमध्ये कीरन न्यूजंट नावाच्या पोराने मेझ तुरुंगात गणवेश घालायला नकार दिला, दुसरे कपडे मिळेनात म्हणून अंगाला ब्लँकेट गुंडाळलं, आणि पुढे शेकडो जण तसेच ब्लँकेटवर राहिले.

विष्ठेचा प्रकार 1978 मध्ये सुरू झाला. आंघोळीला, संडासला कोठडीबाहेर पडलं की मार बसतो असं कैद्यांचं म्हणणं होतं, म्हणून त्यांनी बाहेर पडणंच बंद केलं, मग भांडी भरायला लागली, ती रिकामी करण्यावरून रोजची झटापट, आणि शेवटी लघवी दाराखालून बाहेर सोडायची नि विष्ठा भिंतीला फासायची इथपर्यंत गोष्ट गेली. तुम्हाला तो सीन आठवत असेल, लांबलचक कॉरिडॉर, सगळ्या दारांखालून आलेली लघवी आणि एक माणूस टोकापासून झाडूने ती लोटत कॅमेऱ्याकडे येतोय, कट नाही, संगीत नाही, तो येतोच आहे. मला ते मारहाणीच्या सीनपेक्षा जास्त लागलं, कारण उद्या परत हेच करायचंय हे त्या माणसालाही माहीत आहे.

प्रश्न : माझ्या मित्राचं म्हणणं, हे सगळे सिनेमे आयआरएची, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या रिपब्लिकनांच्या सशस्त्र संघटनेची, बाजू घेतात. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : 'हंगर'बद्दल तरी मला ते पटत नाही. सिनेमा सुरू होतो तोच एका गार्डपासून, सोललेल्या बोटांचे सांधे पाण्यात बुडवून ठेवलेत, घराबाहेर पडताना तो गाडीखाली वाकून बॉम्ब आहे का बघतो, आणि पुढे त्याला आईसमोर, वृद्धाश्रमात गोळी घालतात. त्या काळात तुरुंगाचे अधिकारी खरंच मारले गेले, नोव्हेंबर 1978 मध्ये मेझच्या डेप्युटी गव्हर्नरला त्याच्या घरी मारलं. पण मित्राच्या बोलण्यात एक तथ्य आहे. तुरुंगाबाहेर जे मेले ते या सिनेमांत फारसे नाहीत. उपोषण करणाऱ्यांतला पहिला, बॉबी सॅन्ड्स, गेला त्या पहाटे बेलफास्टमध्ये जमावाने एका दूधवाल्याच्या गाडीवर दगडफेक केली, गाडी धडकली, तो आणि त्याचा 14 वर्षांचा मुलगा दोघंही काही दिवसांत गेले. प्लॅस्टिकच्या गोळ्या लागून त्याच दिवसांत शाळकरी मुली मेल्या. त्यांच्या घरी पण कोणीतरी आई होतीच ना.

प्रश्न : 'हंगर' सॅन्ड्सच्या मृत्यूपाशी थांबतो, शेवटी एवढंच कळतं की एकूण दहा जण गेले. मग उपोषण संपलं कसं? सरकार झुकलं का?

उत्तर : हा प्रश्न आला याचा मला खरंच आनंद झाला, कारण माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे आणि 'हंगर' पाहून थांबणाऱ्याला ती कळतच नाही.

1980 च्या शेवटी एक उपोषण होऊन गेलं होतं, सात जण, 53 दिवस, हाती काही लागलं नाही. दुसरं 1 मार्च 1981 ला सॅन्ड्सने सुरू केलं आणि बाकीचे एकामागून एक, दिवसांचं अंतर ठेवून बसले, म्हणजे एक गेला की दुसरा मरणाच्या दारात उभा. मागण्या पाच, गणवेश नको, काम नको, एकमेकांत मिसळू द्या, आठवड्याला घरच्यांची एक भेट, एक पत्र आणि एक पार्सल, आणि निषेधापायी कापलेली शिक्षेतली सूट परत द्या. सॅन्ड्स उपोषणावर असतानाच पोटनिवडणुकीत 30,492 मतं घेऊन ब्रिटिश पार्लमेंटचा खासदार झाला, तरी पंतप्रधान थॅचरबाई हलल्या नाहीत, 66 व्या दिवशी, 5 मेला तो गेला. वय 27.

आता जबरदस्तीने खायला घालायचं नाही हे सरकारने ठरवलेलं होतं, पण मुलाची शुद्ध हरपली की उपचार करायचे का हा निर्णय जवळच्या नातेवाईकाकडे जायचा. म्हणजे बघा, पोराने शुद्धीत असताना सांगितलंय की मला वाचवू नका, आणि आता तो पडलाय, डोळ्यांना दिसत नाही, आणि डॉक्टर आईकडे बघतोय. सही केली तर त्याचा शब्द मोडला आणि आधी गेलेल्यांच्या आयांना काय तोंड दाखवायचं, नाही केली तर आपल्याच हाताने... 31 जुलैला पहिली एक आई हो म्हणाली. तुरुंगातले एक धर्मगुरू, फादर डेनिस फॉल, कुटुंबांना एकत्र करून समजावत होते, मग एकेक घर पुढे आलं आणि 3 ऑक्टोबरला उपोषण मागे घ्यावं लागलं. तीन दिवसांनी सरकारने सगळ्यांना स्वतःचे कपडे घालायची परवानगी दिली! बाकीच्या मागण्या हळूहळू, न बोलता मिळत गेल्या.

यावर सिनेमा आहे, 'सम मदर्स सन', 1996 चा. हेलन मिरेन आणि फिओन्युला फ्लॅनगन, दोन आया, एक शांत स्वभावाची शिक्षिका जिला मुलगा या भानगडीत आहे हेच माहीत नसतं, दुसरी पक्की रिपब्लिकन. पात्रं काल्पनिक, सहीचा प्रसंग मात्र खरा. दिग्दर्शक टेरी जॉर्ज 70 च्या दशकात स्वतः त्या तुरुंगात राहून आलेला. सिनेमा म्हणून तो 'हंगर'एवढा देखणा नाही, थोडा भावनिक आहे, पण शिक्षिका सही करते आणि दुसरी करत नाही, आणि त्या दोघींपैकी कोण चुकलं हे तो सांगत नाही, यासाठी मी त्याला मानते.

प्रश्न : बायकांवर काही आहे का?

उत्तर : 'सायलेंट ग्रेस', दिग्दर्शिका मेव्ह मर्फी. आर्मा तुरुंगातल्या बायकांना स्वतःचे कपडे आधीपासून होते, तरी 1980 मध्ये त्यांनाही घाणीत बसून निषेध करावा लागला आणि डिसेंबरात तिघी उपोषणाला बसल्या. फारसा कोणी बघत नाही हा सिनेमा, मिळाला तर सोडू नका.

प्रश्न : शेवटी या सगळ्याचा परिणाम काय झाला?

उत्तर : राजकारणात खूप मोठा. तुरुंगातला माणूस निवडून येतो म्हटल्यावर सिन फेन या रिपब्लिकनांच्या पक्षाला निवडणुकीची वाट दिसली, आणि तिचं एक टोक 1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारापर्यंत जातं. सरकारने मात्र 1981 मध्येच कायदा बदलून एक वर्षाहून जास्त शिक्षेच्या कैद्यांना उभं राहायलाच बंदी केली. मेझ 2000 मध्ये बंद झाला, बराचसा पाडला.

पण परिणाम म्हटलं की मला लॉरेन्स मॅकीओन आठवतो. 70 दिवस उपोषण, शुद्ध गेली आणि त्याच्या आईने उपचाराला हो म्हटलं. तो जगला, 1992 मध्ये सुटला, डॉक्टरेट केली, आणि 2001 मध्ये ब्रायन कॅम्पबेलबरोबर 'एच थ्री' नावाचा सिनेमा लिहिला, मेझमधल्या त्याच नावाच्या ब्लॉकवर, त्याच पोरांवर. 'हंगर' आणि 'सम मदर्स सन' झाल्यावर तो बघा, आणि बघताना लक्षात असू द्या की लिहिणारा त्या यादीत अकरावा होऊ शकला असता.