बुधवारी पाच वाजता

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी नववीला शिकवते. मुलांनी मनातलं बोलावं म्हणून यंदा दर बुधवारी शाळा सुटल्यावर समुपदेशनाचा तास ठेवलाय. येतात ती दुकानदारांची चार-पाच मुलं. ज्यांची खरी काळजी वाटते, ती फिरकतही नाहीत. सहकारी म्हणतात, पालकच बेफिकीर. तुम्हाला काय वाटतं?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : बाई, बुधवारी पाच वाजता त्यातल्या एखादीच्या घरी जाऊन या. मी कुंभारीच्या विडी घरकुलात गेले होते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, लेक भिजवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापानं कातरून देत होती. मजुरी मिळते ती दर हजार विड्यांमागे. पोरगी तासभर शाळेत अडकली की आईचा हजार पुरा व्हायला रात्र होते. आई तेलुगूत काहीतरी म्हणाली, शेजारणीनं मराठीत सांगितलं : ‘शाळा सुटल्यावर थांबवलं म्हणजे शिक्षा झाली का हिला?’ बेफिकिरी मला तरी दिसली नाही.

माझंही चुकलंय. एका शाळेत मला समुपदेशनासाठी मुख्याध्यापकांच्या शेजारची खोली मिळाली होती. आत शिरणारं पोर अख्ख्या वर्गाला दिसायचं. दोन महिने खोलीत मी आणि पंखा!

याचा अभ्यास करणारं शास्त्रच आहे, अंमलबजावणीचं. नाव जड, प्रश्न साधा : गुणकारी ठरलेली गोष्ट कुणाच्या हातून, कुठल्या वेळी, कुठल्या भाषेत पोचते आणि वाटेत कोण सुटतं? बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत हे तपासलं गेलं. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काहींत त्यासाठीच नेमलेल्या, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या समुपदेशकांनी. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. समुपदेशकांच्या शाळांत नववीतल्या मुलांची उदासी आणि दादागिरीचा त्रास कमी झाला. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. तुम्हाला टोचेल, पण पेपर तपासणाऱ्या बाईंना घरातली भांडणं कोण सांगेल?

तेव्हा तास शाळेच्या वेळेतच घ्या, खेळाचा सोडून. वस्तीतली तेलुगू-कन्नड बोलणारी एखादी शिकलेली ताई तयार करा. वहीत ‘किती आले’ एवढंच नको. कुठल्या वस्तीतली आली, कुठली नाही आली, तेही लिहा आणि महिन्यानं वेळ, जागा पुन्हा बदला.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर फळ्याशेजारी जरूर लावा. फक्त तेवढ्यावर थांबू नका. घरातला एकुलता मोबाइल बहुतेक वेळा बापाच्या खिशात असतो.