नुकतेच रिटायर झालात ना, मग हे ऐका

पहिले दोन-तीन महिने मस्त जातात हो, मग एक दिवस तोच पेपर तिसऱ्यांदा वाचताना लक्षात येतं की कालपासून घरच्यांशिवाय कुणाशी बोललोच नाहीये, माझं तरी अस्संच झालं. तेव्हा रोज एकाला फोन करायचा, फॉरवर्ड नाही, फोन! मी कॅलेंडरवर नावंच लिहून ठेवलीयेत, सुरुवातीला कसंतरी वाटतं पण समोरचाही वाटच बघत असतो. आठवड्याला 150 मिनिटं चालणं तर डॉक्टर सांगतातच, मी म्हणतो सोबतीला कुणीतरी घ्या, अर्धं टेन्शन तिथेच उतरतं. रात्री डोक्यात विचार फिरायला लागले तर चार आकडे श्वास आत, सहा आकडे सावकाश बाहेर, पाचेक मिनिटं.

आणि कानांचं बघा बरं का. मी चारचौघांत जाणं टाळायला लागलो होतो, सगळे म्हणाले स्वभाव बदलला, निघालं काय तर ऐकूच कमी येत होतं, मशीन लावलं आणि परत गप्पांत बसायला लागलो. दोन आठवड्यांच्या वर उदास वाटलं, झोप-भूक गेली तर मात्र वयाचं म्हणून सोडू नका, डिप्रेशनला उपचार असतात, सरळ डॉक्टर गाठा.