तपासणीच्या दिवशीच वरणात डाळ कशी काय?

प्रश्न : नमस्कार साहेब, माझा लहान भाऊ पोलीस भरतीत लागला, आता एका प्रशिक्षण केंद्रात आहे. परवा फोनवर सांगत होता, वरून साहेब येणार म्हणून दोन दिवस झाडांना चुना मारायला लावला अन् त्या दिवशी मेसच्या वरणात डाळ दिसली. मग ही तपासणी नेमकी कशाची असते? कायदा नीट शिकवतात का हे कुणी बघतं का?
— एक ताई, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, चुना आम्ही पण मारलाय हो, अन् नंतर पोरांकडून मारून पण घेतलाय, त्यामुळं मी काय सोवळा नाही.

आपलं बाभळगाव असो की जालना, राज्यातली ही केंद्रं प्रशिक्षण व खास पथकांच्या अपर पोलीस महासंचालकांच्या हाताखाली येतात. साहेब आले की परेड, किट, बॅरेक, मेस, रजिस्टरं, अन् शेवटी दरबार. दरबारात पोरांनी अडचण मांडायची असते, पण समोर रोज घाम काढणारा कवायत निदेशक उभा, मग कोण बोलतंय, 'काही अडचण नाही सर' म्हणून मोकळे.

दिल्लीचं बीपीआर अँड डी, म्हणजे केंद्राचं पोलीस संशोधन व विकास ब्युरो पण आहे, 1970 चं, पोलीस प्रशिक्षणावरच्या गोरे समितीच्या शिफारशीवरून 1973 मध्ये त्यात प्रशिक्षणाचा विभाग निघाला. ते चांगल्या संस्थांना गृहमंत्र्यांची ट्रॉफी देतात. 2022 मध्ये केंद्राच्या क्षमता बांधणी आयोगानं सरकारी प्रशिक्षण संस्थांसाठी राष्ट्रीय मानकं पण काढली. इंग्लंडात तर शाळा तपासणारं ऑफस्टेड पोलिसांचं अप्रेंटिस ट्रेनिंग पण तपासतं, म्हणजे समजा आपले गटशिक्षणाधिकारी पोलिसांच्या वर्गात येऊन बसले. मला तर हे लई आवडलं, बाहेरच्या माणसाला चुना भुलवत नाही.

खरी तपासणी मी एकदाच बघितली. एक साहेब आले, परेडकडं बघितलंच नाही, सरळ वर्गात घुसून मागच्या बाकावरच्या पोराला म्हणले, माझी मोटारसायकल चोरीला गेली, घे फिर्याद. पोरगं घामाघूम, पानभर लिहिलं, पण चेसीस नंबर नाही, गाडी कुठं लावली होती ते नाही, अन् फिर्यादीची सहीच घ्यायची राहिली! साहेब त्याला एक शब्द बोलले नाहीत, आमच्याकडं बघितलं फक्त. तोवर त्या पोराच्या वहीत सगळं बरोबर होतं बरं का, आम्हीच लिहून दिलेलं.

आता तर 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदेच बदलले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणं झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. भावाला विचारा, हे हातात मोबाईल घेऊन करून बघितलं का नुसतं वाचून दाखवलं? त्याच्या उत्तरावरून तुम्हाला केंद्राचा दर्जा घरबसल्या कळंल. माझं तर म्हणणं आहे की पोरगं ठाण्यात लागून सहा महिने झाले की तिथल्या पीआयलाच विचारावं, याला पंचनामा येतो का, अन् ते उत्तर प्राचार्यांच्या टेबलावर जावं. परेड तर सगळ्यांचीच छान होती.

वरणाचं म्हणाल तर मेस कमिटीत रिक्रूट घेत असतील तर भावाला म्हणा नाव दे, डाळ मोजून घेताना स्वतः उभा रहा.